क्लेडनचे व्हर्नी आणि खाल्ल्या मिठाचा हिशेब

गुरुवार, लंडन

सर एडमंड व्हर्नी हा इंग्लंडच्या इतिहासातला पहिल्या फळीतला माणूस नव्हे. बकिंगहॅमशायरमध्ये वडिलोपार्जित जमीन, दरबारात एक हुद्दा, पार्लमेंटमध्ये अधूनमधून जागा आणि घरात दहा मुलं, चार मुलगे नि सहा मुली. सतराव्या शतकात असे गावोगावचे जमीनदार तिथे शेकड्यांनी होते. व्हर्नी वेगळे ठरले, कारण या घरात कागद टाकून द्यायची पद्धत नव्हती. आलेली पत्रं, पाठवलेल्या उत्तरांचे कच्चे खर्डे, बिलं, कारभाऱ्याचे हिशेब, सगळं जपून ठेवलेलं. मोडी शिकायला लागल्यापासून मला लढायांच्या बखरींपेक्षा घरखर्चाच्या याद्या जास्त गोड लागतात. त्यामुळे ताईकडे मिल्टन कीन्सला जायचं ठरलं तेव्हा व्हर्नींचं क्लेडन तिच्या घरापासून गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर आहे हे आधी बघून ठेवलं होतं.

विमान सकाळी उतरलं. ताई युस्टनला घ्यायला आली होती. पण पुढची गाडी पकडण्याऐवजी तिला घेऊन आधी कॉव्हेंट गार्डनला गेले. “अगं, झोप तरी काढ घरी जाऊन,” म्हणत ती निमूट आली.

१६३४ मध्ये सर एडमंडनं इथल्या चौकात घर भाड्यानं घेतलं होतं. इनिगो जोन्स या वास्तुकारानं आखलेला हा चौक तेव्हा कोरा करकरीत होता, आणि दरबारात ऊठबस असलेल्यांनी राहायचं ते इथेच. भाडेकराराला जोडलेली यादी शिल्लक आहे. कुठल्या खोलीला कसली कडी, कुठल्या दाराला कुलूप आणि किल्ली, हे सगळं त्यात खोलीवार लिहिलेलं आहे. डिपॉझिट कापून घेणाऱ्या घरमालकांची परंपरा जुनी दिसते. त्या वेळच्या घरांपैकी आज एकही उभं नाही. चौकात एक पोरगा पेटत्या मशाली झेलत होता, भोवती गर्दी, आणि त्या गर्दीत मी कुलपांच्या यादीचा विचार करत उभी.

तिथून नदीपलीकडे, बरो हाय स्ट्रीटला. सर एडमंडचा हुद्दा होता नाइट मार्शल, १६२६ पासून. राजाचा मुक्काम असेल त्या वाड्यात आणि भोवतालच्या बारा मैलांत शिस्त राखायची ही त्याची जबाबदारी. मारामाऱ्या, चोऱ्या, दरबाराच्या मागे लागून फिरणारे भटके, हे सगळं त्याच्या खात्यात. मार्शलसी हा तुरुंगही याच कारभाराचा भाग. त्या नावाच्या तुरुंगाची एक उंच विटांची भिंत एंजल प्लेस या बोळात अजून आहे. ही भिंत मात्र नंतरच्या, १८११ साली सुरू झालेल्या इमारतीची. सर एडमंडच्या वेळचा तुरुंग याच रस्त्यावर थोडा अलीकडे होता. बोळात सावली, थंडावा, दुपारचा डबा खात बसलेली दोन माणसं. बघण्यासारखं म्हणाल तर काहीच नाही. ताईनं तसं बोलूनही दाखवलं.

हुद्द्याचा पगार कमी आणि वरकड जास्त, हा प्रकार तेव्हा तिकडेही होता. राजा रोख देत नसे, हक्क देई. तंबाखूच्या तपासणीतला वाटा, भाड्याच्या घोडागाड्यांच्या परवान्यातला वाटा, लोकरी कापडावर सरकारी शिक्का मारण्याच्या करावर लावून दिलेलं वर्षासन. आणि राजाच अडचणीत आला की उलट त्यालाच कर्ज द्यायचं. सर एडमंडनं मुलींच्या हुंड्याची तजवीज त्या कापडावरच्या कराच्या भरवशावर करून ठेवली होती. ही गोष्ट लक्षात ठेवायची, पुढे ती फार महागात पडते.

शुक्रवार, एजहिल

भावोजींनी सुट्टी काढली होती. बकिंगहॅम, ब्रॅकली, बॅनबरी असा ए-४२२ रस्ता. मे महिना, दोन्ही बाजूंना मोहरीच्या जातीचं पीक पिवळंधमक फुललेलं. भाचा मागच्या सीटवर विचारत होता, “मावशी, तिथे तोफा असतील का?” तोफा नाहीत म्हटल्यावर त्यानं कानाला हेडफोन लावले.

एजहिल म्हणजे सपाट मैदानाच्या कडेला अचानक उभा राहिलेला लांबलचक डोंगरकडा. आपल्या घाटमाथ्याच्या मानानं किरकोळ, पण त्या सपाट मुलखात जरब बसवणारा. वर अठराव्या शतकात बांधलेला अष्टकोनी बुरूज आहे, त्यात आता कासल इन नावाचं पब आहे. राजाचं निशाण लढाईच्या दिवशी इथेच उभं केलं होतं असं सांगतात. पबच्या बागेतल्या बाकावर बसलं की खाली सगळं रणमैदान दिसतं. दिसतं म्हणजे झाडी, कुंपणं आणि शेडा. कारण मैदानाचा मोठा भाग संरक्षण खात्याच्या दारूगोळ्याच्या कोठारात गेला आहे आणि आत कुणाला सोडत नाहीत. लढाईच्या जागेवर पुन्हा दारूगोळाच, याचं भावोजींना फार हसू आलं.

१६४२ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या चार्ल्सनं नॉटिंगहॅमला निशाण उभारून आपल्याच पार्लमेंटविरुद्ध युद्ध पुकारलं. ते निशाण धरण्याचा मान सर एडमंडला मिळाला. मान कसला, शिक्षाच होती. त्याचं मन राजाच्या बाजूनं नव्हतं. एडवर्ड हाइड हा त्याचा मित्र. त्याच्याशी झालेलं बोलणं हाइडनं लिहून ठेवलं आहे. राजानं पार्लमेंटच्या मागण्या मान्य कराव्यात असं माझं मत आहे, सर एडमंड म्हणाला. ज्या बिशपांपायी हे भांडण चाललंय त्यांच्याबद्दल मला काडीचा आदर नाही. पण तीसेक वर्षं त्याच्या घरचं अन्न खाल्लंय, आता त्याला सोडून जाण्याचा नीचपणा माझ्यानं व्हायचा नाही. त्यात जीव जाईल हेही तो त्याच बोलण्यात सांगून मोकळा झाला.

थोरला मुलगा राल्फ तेव्हा पार्लमेंटमध्ये होता आणि तिथेच राहिला. बापाच्या विरुद्ध बाजूला. तिसरा मुलगा एडमंड, घरातलं नाव मन, हा राजाच्या फौजेत. त्यानं सप्टेंबरमध्ये राल्फला पत्र लिहून झाडलं, की तुझ्या वागण्यानं वडिलांना किती लागलंय याची तुला कल्पना आहे का. पुढे त्याच मननं समजुतीचीही पत्रं लिहिली. या घरात अबोला फार दिवस टिकत नसे, कारण अबोला धरला तर पत्र कसं लिहिणार!

२३ ऑक्टोबर, रविवारची दुपार. राजाची फौज कडा उतरून खाली आली. राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट याच्या घोडदळानं समोरची फळी फोडली आणि पाठलाग करत थेट किनेटनपर्यंत लुटीच्या मागे गेली. मधलं पायदळ उघडं पडलं. पार्लमेंटचं उरलेलं घोडदळ त्यावर चालून आलं, आणि चिलखत न घालता उभा असलेला सर एडमंड निशाणापाशी मारला गेला. निशाण शत्रूनं नेलं. मग जॉन स्मिथ नावाच्या राजाच्या कॅप्टननं पार्लमेंटवाल्यांच्या रंगाचा पट्टा अंगावर चढवला, त्यांच्यात घुसला आणि निशाण परत आणलं. राजानं त्याला लगेच ‘सर’ केलं.

सर एडमंडचं प्रेत मिळालं नाही. घराण्यात सांगतात ती गोष्ट अशी की निशाणाच्या दांड्याला घट्ट धरून राहिलेला नुसता तुटका हात सापडला, आणि बोटातल्या अंगठीवरून तो ओळखला. राजाचं इवलं चित्र बसवलेली, राजानंच दिलेली अंगठी. हात क्लेडनला नेऊन पुरला म्हणतात. ही गोष्ट ऐकताच भाच्यानं हेडफोन काढले.

मला विचाराल तर ही गोष्ट जरा जास्तच घोटीव वाटते. आपल्याकडेही अशा गोष्टी आहेत आणि त्यांच्या खरेखोटेपणावर बोललेलं कुणाला खपत नाही, तेव्हा इथेही गप्प बसते. पण ज्याला युद्धच पटत नव्हतं त्याचीच आठवण निशाण न सोडणारा हात म्हणून राहावी, यावर स्वतः सर एडमंड काय म्हणाला असता कोण जाणे. तो काही नुसता सरळमार्गी शिपाईगडीही नव्हता, चांगला तापट होता. १६२३ मध्ये राजपुत्र असलेला चार्ल्स स्पेनच्या राजकन्येला मागणी घालायला माद्रिदला गेला, तेव्हा हाही बरोबर होता. तिथे बरोबरचा एक पोरगेला सेवक मरणपंथाला लागला. त्याला शेवटच्या घटकेला कॅथलिक करून घ्यायला एक इंग्लिश पाद्री आला, तर व्हर्नीनं त्याच्या कानाखाली वाजवली. त्यावरून केवढा राजनैतिक घोळ झाला.

उतरताना रॅडवेच्या चर्चमध्ये डोकावलो. लढाईची माहिती देणारी छोटीशी मांडणी आहे, आणि राजाच्या बाजूनं पडलेल्या कॅप्टन किंग्समिलचा झिजलेला दगडी पुतळा. पाचएक मिनिटांत बाहेर. मग बॅनबरीला जेवण, आणि परत.

शनिवार, क्लेडन

क्लेडन हाउस नॅशनल ट्रस्टकडे आहे, १९५६ पासून. एका भागात व्हर्नी घराणं अजून राहतं. गाडी लावून वर चढलं की उतरती हिरवळ, खाली तळं, चरणाऱ्या मेंढ्या आणि समोर अगदी साधा, जवळजवळ कोरडा दगडी दर्शनी भाग. ताई म्हणाली, “हेच? आमच्या कौन्सिलच्या ऑफिसला याच्यापेक्षा नक्षी आहे.”

आत पाय टाकल्यावर ती गप्प झाली. उत्तरेकडच्या दालनात भिंतींवर, दारांवर, कोनाड्यांवर पांढरं शुभ्र कोरीवकाम उसळलेलं आहे. लांब चोचींचे अद्भुत पक्षी, वेली, फळं, मुखवटे. वाटतं चुन्याचं, पण सगळं लाकूड आहे. ल्यूक लाइटफूट नावाच्या कारागिरानं केलेलं. वरच्या मजल्यावरची चिनी खोली तर त्याहून वेडी: भिंतीत एक कोरीव मखर, त्याला टांगलेल्या लाकडी घंटा, आणि आत चहा पीत बसलेलं चिनी कुटुंब. कोरणाऱ्यानं चीन पाहिलेला नव्हता हे लगेच कळतं, आणि म्हणूनच मजा येते. जिना निरनिराळ्या रंगांची लाकडं नि हस्तिदंत जडवून केलेला. कठड्यात लोखंडाची गव्हाची कणसं आहेत, ती पायरवानं सळसळतात असं सांगतात. पाहुण्यांना त्यावर पाय ठेवू देत नाहीत, त्यामुळे सळसळ ऐकणं नशिबात नव्हतं.

हे सगळं आपल्या सर एडमंडचं नव्हे. ते त्याच्या खापरपणतवाच्या पिढीतल्या दुसऱ्या अर्ल व्हर्नीचं, १७५७ नंतरचं. या राल्फ व्हर्नीला शेजारच्या जमीनदारावर, स्टोच्या मंडळींवर, मात करायची होती. हिशेबावरून लाइटफूटशी त्याचं कोर्टात गेलं. आणि इथे आपला मुलूख येतो: या लॉर्डचे पैसे ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरच्या सट्ट्यात होते. १७६९ मध्ये हैदरअली मद्रासच्या वेशीपर्यंत आल्याची बातमी लंडनला पोचली, शेअर कोसळले, आणि बकिंगहॅमशायरमधल्या या घराचा पाया हलला. शेवटी सामानसुमान विकलं गेलं. अर्ल १७९१ मध्ये गेल्यावर पुतणीनं घराचा दोन तृतीयांश भाग, नाचाच्या दालनासकट, पाडून टाकला. आज दिसतो तो उरलेला तुकडा. याच अर्लनं आपल्या हातातल्या वेंडओव्हरच्या जागेवरून १७६५ मध्ये एडमंड बर्कला पार्लमेंटमध्ये पाठवलं होतं, आणि पुढे त्याच बर्कनं कंपनीच्या वॉरन हेस्टिंग्जला खटल्यात उभं केलं. भावोजी शेअर बाजारवाले. त्यांनी हा सगळा भाग मन लावून ऐकला.

सर एडमंडचं चित्र व्हॅन डाइकनं काढलेलं आहे. लांब चेहरा, दमलेले डोळे. मी त्याच्यासमोर थोडी थांबले, पण मला ओढ होती ती सुनेची.

मेरी ब्लॅकनॉल. आईबाप गेलेली श्रीमंत पोर, तेरा वर्षांची. १६२९ मध्ये तिचं लग्न राल्फशी लावलं, तो पंधरा-सोळाचा. लग्नानंतर नवरा ऑक्सफर्डला शिकायला, ती नातेवाइकांकडे, मग सासरी. आपल्या आज्यापणज्यांची हकीकत वाचावी तसंच. आणि संसार असा जमला की पुढची एकवीस वर्षं दोघं एकमेकांच्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकत नव्हती.

राल्फ शिस्तीचा, चिकट, थोडा कंटाळवाणा माणूस. पार्लमेंटमध्ये बसून घडी घातलेल्या कागदांवर पेन्सिलीनं टिपणं घ्यायचा. त्या टिपणांमुळेच लाँग पार्लमेंटमधली, म्हणजे १६४० मध्ये भरलेल्या त्या पार्लमेंटमधली, भाषणं आज आपल्याला कळतात. १८४५ मध्ये ती छापलीही गेली. १६४३ मध्ये पार्लमेंटनं सगळ्यांना धर्माच्या बाबतीतली शपथ घ्यायला लावली. राल्फच्या मनाला ती पटेना. बापानं मन मारून निष्ठा पाळली, पोरानं मन मारायला नकार दिला. बायको आणि दोन मुलं घेऊन तो फ्रान्सला निघून गेला, ब्लवा गावी. तिसरा, जॉन, तीन वर्षांचा, क्लेडनलाच राहिला. पार्लमेंटनं राल्फला काढून टाकलं आणि गैरहजर म्हणून जमिनीवर जप्ती आणली. बाप राजासाठी मेला, मुलगा पार्लमेंटचा, आणि दोन्ही बाजूंकडून घर नागवलं गेलं. कापडावरचा तो कर युद्धात बंद पडला, तशी मागे राहिलेल्या पाच बिनलग्नाच्या बहिणींच्या हुंड्याची सोयही हवेत विरली.

जप्ती उठवायला कोण जाणार? राल्फ परतला तर अटक. मग मेरी गेली, १६४६ च्या अखेरीस, दिवस राहिलेले असताना, एका मोलकरणीला घेऊन. लंडनमध्ये महागड्या भाड्याच्या खोल्या, कमिटीच्या मेंबरांचे उंबरठे झिजवणं, ओळखीपाळखी, नजराणे, आश्वासनं. ज्यांनी पूर्वी या घराकडून कामं करून घेतली होती ते दारात उभं करेनात. आठवड्याला पत्र. राल्फ पत्रांना नंबर घालायचा आणि एखादं गहाळ झालं की लगेच विचारायचा.

क्लेडनला ती गेली तेव्हा काय दिसलं तेही तिनं लिहिलंय. फौजांनी तळ दिलेला. कापडचोपड झिजून विरलेलं. लुटीच्या भीतीनं भिंत घालून आत दडवलेल्या पिसांच्या गाद्या उंदरांनी खाल्लेल्या. चुलीची लोखंडी अवजारं गंजलेली. आणि जॉन: पाय वाकडे, कारण मुडदूस, पण पोर हसरं, गाणी म्हणणारं. तिला त्याला फ्रान्सला घेऊन जायचं होतं.

१६४७ च्या उन्हाळ्यात मुलगा झाला, नाव राल्फच. काही महिन्यांत तो गेला. त्याच शरदात इकडे ब्लवाला आठ वर्षांची लेक पेग गेली. दोन देशांत, दोघांपैकी प्रत्येकाच्या मांडीवर एकेक. पत्राला पोचायला लागणारे दिवस धरले तर एकाचं दुःख दुसऱ्याला कळेपर्यंत दुसऱ्याचं पत्र निघालेलं असायचं. ही पत्रं मी छापील संग्रहात वाचली आहेत. मूळ कागद न बघताही पुरे झालं.

जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली. मेरीनं काम फत्ते केलं, जॉनला घेतलं आणि ती नवऱ्याकडे परतली. दोनच वर्षांनी, १६५० च्या मे महिन्यात, ब्लवालाच गेली. चौतीस वर्षांची. राल्फनं तिचं शव मसाले भरून क्लेडनला पाठवलं, स्वतः मात्र १६५३ पर्यंत परतू शकला नाही. तिच्यामागे सेहेचाळीस वर्षं जगला. दुसरं लग्न केलं नाही. तेव्हाच्या मानानं हे फारच वेगळं.

वरच्या मजल्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेलची खोली आहे, बहुतेक पाहुणे तिथेच जास्त थांबतात. एकोणिसाव्या शतकातल्या सर हॅरी व्हर्नीनं १८५८ मध्ये तिच्या बहिणीशी, पार्थिनोपीशी, लग्न केलं. आधी त्यानं फ्लॉरेन्सला विचारलं होतं म्हणतात. म्हातारपणी ती इथे उन्हाळ्यात येऊन राहायची. भारतात कधी पाऊल न ठेवता तिनं इथल्या पाण्याच्या, गटारांच्या, दुष्काळाच्या प्रश्नांवर गाडाभर लिहिलं. मुंबईचा गव्हर्नर राहिलेला बार्टल फ्रिअर तिचा स्नेही, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. पुणेकर म्हणून मी ताईकडे एक कटाक्ष टाकला. पण खरा उपकार पार्थिनोपीचा. वरच्या लांब दालनात पेट्यांतून पडलेली जुनी पत्रं तिनं बाहेर काढली आणि त्यांवरून घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. संधिवातानं हात वाकडे झालेले असताना. पहिले खंड निघाले १८९२ मध्ये, ती गेल्यावर दोन वर्षांनी. उरलेलं काम घरातल्या दुसऱ्या सुनेनं, मार्गारेटनं, पुरं केलं. या घराचं सगळं सुनांनीच निस्तरलेलं दिसतं.

अंगणातल्या कॅफेत चहा आणि स्कोन. भाच्यानं पहारेकरी बाईंना विचारलं की तो हात कुठे आहे. रात्री सर एडमंड स्वतःच तो शोधत फिरतात, असं उत्तर त्यांनी हसत दिलं. संध्याकाळभर पोरगा खूश.

रविवार, चर्च, हिल्सडन आणि एक नसलेलं स्टेशन

मिडल क्लेडनचं चर्च घराला लागूनच आहे, पण काल घाईत राहिलं होतं. आत भिंतीवर चार अर्धपुतळ्यांचं स्मारक आहे: सर एडमंड नि त्याची बायको मार्गारेट, खाली राल्फ आणि मेरी. एडवर्ड मार्शल या लंडनच्या शिल्पकारानं १६५३ मध्ये पुरं केलं. राल्फनं हे परदेशातून पत्रांवर पत्रं लिहून करवून घेतलं, नकाशे मागवून, दर ठरवून. स्वतः जिवंत असताना बायकोशेजारी स्वतःचा पुतळा बसवून घेतला. माणूस कंटाळवाणा असेल, पण पक्का होता.

हिल्सडन तिथून काही मैलांवर. शेतांच्या मधोमध एवढंसं गाव आणि मोठ्या खिडक्यांचं उंच, देखणं चर्च. सर एडमंडची बायको इथल्या डेंटन घराण्यातली. १६४४ च्या मार्चमध्ये पार्लमेंटच्या फौजेनं डेंटनांच्या वाड्याला वेढा घालून तो घेतला आणि जाळला. फौजेबरोबर पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेलही होता. चर्चच्या दारात गोळ्यांच्या खुणा दाखवतात. मी बोट घालून पाहिलं, भोकाची कड गुळगुळीत झाली आहे. तीनशेऐंशी वर्षं सगळे तेच करत असणार. आता ऐका गंमत: वाडा जाळणाऱ्या फौजेतल्याच अ‍ॅबरक्रॉम्बी नावाच्या कॅप्टननं घरातल्या सुझन डेंटनशी लग्न केलं. भावोजी म्हणाले, “एवढं सगळं एका आठवड्यात?” तेवढं नाही, पण फार वेळही लागला नाही.

मन व्हर्नी १६४९ मध्ये आयर्लंडमध्ये, ड्रॉइडाला, अभय मिळाल्यावर तीन दिवसांनी मारला गेला. बहिणी मात्र सगळ्या कशाबशा उजवल्या. राल्फनं हुंड्याच्या रकमा घासाघीस करून जमवल्या. वाकड्या पायांचा जॉन तुर्की मुलखाशी व्यापार करणाऱ्या लेव्हंट कंपनीचा व्यापारी म्हणून सीरियातल्या अलेप्पोला गेला, पैसे कमावून परतला, आणि थोरला भाऊ आधी गेल्यामुळे क्लेडनचा मालक झाला. १७०३ मध्ये व्हायकाउंट. मेरीला हे कुणी सांगायला हवं होतं.

परतताना व्हर्नी जंक्शनला गेलो. सर हॅरीला रेल्वेचा भारी उत्साह. त्याच्या जमिनीवर दोन मार्ग जुळले, जवळ गावच नव्हतं, म्हणून १८६८ मध्ये स्टेशनला त्याचंच नाव दिलं. पुढे लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे इथपर्यंत आली. लंडनच्या भुयारी गाडीच्या नकाशाचं एक टोक या शेतात, पन्नास मैलांवर होतं. १९६८ मध्ये स्टेशन बंद पडलं. आता ऑक्सफर्ड-केंब्रिज मार्ग पुन्हा बांधताना रूळ परत आले आहेत, पण इथे गाडी थांबत नाही. पलीकडे क्लेडनच्या बाजूनं एचएस-टू या नव्या वेगवान रेल्वेची खोदाई. ताई-भावोजी त्याच्या खर्चावर तावातावानं बोलायला लागले, ते घर येईपर्यंत.

जेवताना ताईला दुसऱ्या मुलाची आठवण झाली. “तो टॉम राहिला की. त्याचं काय झालं?”

टॉम हा घराचा दिवटा. नको त्या मुलीच्या मागे लागला म्हणून १६३४ मध्ये बापानं त्याला व्हर्जिनियाला धाडला, तो वर्षाच्या आत परत. मग बार्बाडोस, तिथून बेटावरच्या फळांचं रसाळ वर्णन आणि शेवटी पैशांची मागणी. मग फौज, मग कैद, मग कर्जापायी तुरुंग. दर पत्रात आता शेवटचंच, यापुढे मी सुधारलो. राल्फ चिडायचा, लांबलचक उपदेश लिहायचा आणि पैसे पाठवायचा. बहुतेक भावंडं एकामागून एक गेली, राल्फ १६९६ मध्ये गेला. टॉम ब्याण्णव वर्षांचा होऊन १७०७ मध्ये गेला, आणि मधली अकरा वर्षं त्याची पत्रं पुतण्या जॉनकडे येत होती.

“पैसे दिले का जॉननं?” भावोजींनी विचारलं.

दर तिमाहीला.